कार्बोरेटरचं पॅकिंग घरी कसं कापायचं आणि तेच पुन्हा कसं वापरायचं

माझं गॅरेज सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आहे. आजूबाजूला चादरी-टॉवेलचे कारखाने, आणि तिथं कामाला येणाऱ्यांच्या गाड्या बहुतेक जुन्या. सीडी १००, स्प्लेंडर, आरएक्स १००, बॉक्सर, अधूनमधून एखादी बुलेट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांना जवळपास सगळीकडे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. जुन्या गाड्या मात्र पळतायत, आणि त्यांच्या कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, पॅकिंग लागतंच. जोडाच्या दोन तोंडांमध्ये गळू नये म्हणून जो कागद घालतात ते पॅकिंग. दुकानात सुटं पॅकिंग मागितलं तर बहुतेकदा मिळत नाही. पूर्ण कीट घ्या म्हणतात, आणि त्या कीटमधलं निम्मं सामान आपल्याला नको असतं.

घरी कापलेलं पॅकिंग ही तात्पुरती जुळवाजुळव आहे असं बरेच जण समजतात. तसं नाही. नीट कापलेलं पॅकिंग दुकानातल्या पॅकिंगइतकंच टिकतं. फक्त एक गोष्ट आधी पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जॉइंट गळतो तेव्हा दोष बहुतेक वेळा कागदाचा नसतो, तोंडाचा असतो. ज्या दोन तोंडांमध्ये पॅकिंग बसतं ती सपाट आणि स्वच्छ असली तर अर्ध्या मिलिमीटरचा साधा पॅकिंगचा कागद पेट्रोल धरून ठेवतो. ती वाकडी असली तर वरून कितीही सिलिकॉन फासा, गळायचं ते गळतंच.

मंद्रूपकडचे एक शेतकरी बुलेट घेऊन आले होते. म्हणाले, "अण्णा, परवाच नवीन पॅकिंग टाकून घेतलंय की ओ, तरी पार्किंगला लावली की पेट्रोलचा वास मारतोय. आन् आता चढाला गाडी दम तोडायलीय." कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. आधीच्या कुणीतरी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन थापलं होतं. बाहेर आलेलं पुसून घेतलं होतं, पण आत आलेलं कोण पुसणार? ते पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडलं होतं, आणि त्याचा एक बारीक दोरा सुटून मेन जेटच्या, म्हणजे इंजिनला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, तोंडाशी अडकला होता. गाडी दम तोडायची ती त्यानं. सिलिकॉन काढून तोंड तपासलं तर वाटीच्या एका कोपऱ्यावर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याचा खड्डा. पेट्रोल तिथून येत होतं. काचेवर घासून खड्डा काढला, कोरडा कागद टाकला, गळणं थांबलं. इंजिनच्या साइड कव्हरला सिलिकॉन चालतं, तिथं ऑइल असतं. कार्बोरेटरच्या वाटीला नको. पेट्रोल त्याला फुगवतं, आणि सुटलेला तुकडा जेटशिवाय दुसरीकडे जात नाही.

कुठलं पॅकिंग आपण कापायचं

कार्बोरेटरवर पॅकिंगच्या जागा दोन, आणि दोन्हींचा त्रास वेगळा. खालची वाटी, म्हणजे फ्लोट बाऊल, पेट्रोल साठवते. तिथलं पॅकिंग गेलं तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, वाटीच्या कडेला ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसते. दुसरी जागा इंजिनकडचं तोंड. तिथं इंजिन ओढत असतं, म्हणून काहीच बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. गाडी एअर पकडते. स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, उभी राहत नाही, नाहीतर रेस आपोआप वाढून खाली यायला वेळ लावते. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लग काढला तर पांढराफट्ट. असल्या गाडीचा हवा कमी-जास्त करायचा एअर स्क्रू फिरवून फिरवून लोक कंटाळतात, पण जी हवा भलत्याच वाटेनं आत येते ती एअर स्क्रूनं कशी बसणार?

वाटीचं पॅकिंग चपटं असेल तर ते घरी कापता येतं. बुलेटवरच्या मिकार्बला किंवा मिकुनीच्या व्हीएम जातीच्या कार्बोरेटरला चपटं येतं. स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या वाटीला खाच असते आणि खाचेत रबराची रिंग बसते. तिथं कागद कापून टाकू नका, रिंगच आणा. इंजिनकडच्या तोंडाला ओ-रिंग असेल तर तीही आणायचीच. कागदाचं पॅकिंग असेल तर कापा. आरएक्सच्या कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रीड व्हॉल्व्हचं पॅकिंगही याच पद्धतीनं कापता येतं.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडच्या मध्ये जो काळा किंवा तपकिरी जाड ठोकळा असतो, बेकलाइटचा, त्याला हात लावू नका. तो उष्णता अडवायला दिलेला आहे. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात नुसत्या सावलीतला पारा ४२-४३ ला जातो. ठोकळा काढून तिथं दोन कागद घातले की हेडची उष्णता सरळ कार्बोरेटरमध्ये उतरते. गाडी दुपारी पाच मिनिटं उभी केली की परत चालू व्हायला मागत नाही, संध्याकाळी मात्र एका किकमध्ये चालू. ठोकळा तडकला असेल तर नवीन घ्या. त्याच्या दोन्ही अंगांना जे कागदी पॅकिंग असतं ते मात्र खुशाल कापा.

कागद

ऑटो पार्ट्सच्या दुकानात पॅकिंग पेपर मागा. आपल्या गावात आणखी एक सोय आहे. मिल स्टोअरच्या दुकानांत पंपाला, बॉयलरला लागणारी जॉइंट शीट मिळते, आणि तिथले लोक जाडी विचारून तुकडा कापून देतात. वाटीला ०.५ मिलिमीटर जाडी बहुतेक ठिकाणी बरोबर बसते. खरी मोजणी जुन्या पॅकिंगवरून करा. ते दबलेलं असतं, म्हणून स्क्रूच्या मधल्या, कमी दबलेल्या भागात व्हर्नियर लावा आणि त्याच्या जवळची जाडी घ्या. "जाड घातलं की जास्त पक्कं" ही समजूत सोडा. जाड कागद जास्त दबतो, म्हणून स्क्रू जास्त आवळावे लागतात, आणि त्यातच वाटीचे कान वाकतात.

नवीन जातीचा कागद आणला की मी तो आधी पेट्रोलमध्ये तपासतो. नखाएवढा तुकडा कापायचा, जाडी मोजायची, झाकणाच्या काचेच्या बरणीत थोड्या पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवायचा. सकाळी काढून परत मोजायचा. किंचित फुगला तर चालेल. पण पापुद्रे सुटले, बोटानं चोळल्यावर तंतू निघाले, पेट्रोलला रंग आला, तर तो कागद कार्बोरेटरसाठी बाद. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, तेव्हापासून तर ही तपासणी सोडूच नये. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल काढतात, त्याचं वाईट बोलायचं नाही मला. पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर आणि बूच त्यासाठी बनवलेलं नव्हतं, हे खरं आहे. जुन्या चॉकलेटी बुचाच्या पॅकिंगच्या जागी कागदच घाला. ओ-रिंग घेताना व्हायटन रबराची मिळाली तर दोन पैसे जास्त द्या, नाहीतर नायट्राइलची घ्या.

सायकलची किंवा गाडीची जुनी ट्यूब कापून पॅकिंग करणारे बरेच आहेत. करू नका. ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, सुरकुततं, आणि फुगलेली कड आत फ्लोटला, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीला, घासायला लागते. मग फ्लोट अडकतो आणि वाटी ओसंडते.

आणखी एक. जुन्या साठ्यातली राखाडी जॉइंट शीट किंवा जुन्या इंजिनवरचं राखाडी पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका, घासू नका. पाण्यानं ओलं करून ओल्या चिंधीनं काढा, आणि चिंधीसकट पिशवीत बांधून टाका. तिची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

उघडताना

पेट्रोलचं काम अंगणात किंवा शटर पूर्ण उघडं ठेवून. घरात करत असाल तर गॅस बंद आणि देवासमोरचा दिवाही शांत झालेला हवा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते, त्यामुळे लांबची ज्योतही धोक्याची. वाटीतलं पेट्रोल ड्रेन स्क्रू सोडून पत्र्याच्या डब्यात घ्या. थंड पेयाच्या बाटलीत कधीही नको, घरात पोरं असतात.

वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि त्यांची फुली लवकर गोल होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पूर्ण बसलं पाहिजे, बसलं नाही तर दुसरा घ्या. अडकलेला असेल तर टोक फुलीत धरून मागून हातोडीचा एक हलका ठोका द्या, मग दाबून फिरवा. स्क्रू निघाले आणि वाटी चिकटून बसली तर तिच्या बाजूला लाकडी मुठीनं टिचक्या मारा, चारी बाजूंनी. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की बुलेटवाल्या मालकांच्या वाटीसारखा खड्डा पडलाच म्हणून समजा.

पॅकिंग निघतंय का बघा. निघालं तर ते सोनं आहे, फाटलं तरी. तुकडे काचेवर जुळवून ठेवा. चिकटलेला भाग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडा. लोखंडी पातं लावायचं नाही. कार्बोरेटरचा धातू मऊ असतो आणि पात्याचा ओरखडा हा पेट्रोलला काढून दिलेला पाट आहे.

तोंड सपाट करणं

इथं वेळ घालवा. कागद कापायला दहा मिनिटं पुरतात, तोंडाला जेवढा लागेल तेवढा द्या.

इंजिनकडच्या तोंडाला दोन कान असतात आणि दोन नट, बहुतेक १० च्या पान्याचे. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी ते नट जोर लावून आवळलेले असतात. नट कानाला ओढतात, मधला भाग उचललेला राहतो, आणि पूर्ण तोंड धनुष्यासारखं वाकतं. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. स्टीलची पट्टी कानापासून कानापर्यंत उभी धरा, मागून उजेड घ्या. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की वाकलंय. फिलर गेज असेल तर ०.०५ मिलिमीटरचं पातं घालून बघा. पातं सहज आत गेलं तर घासावं लागणार.

जाड काचेचा तुकडा घ्या. जुन्या टीपॉयची किंवा कपाटाची काच उत्तम. पातळ खिडकीची वाकते. तिच्यावर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवा. कार्बोरेटरची भोकं चिंधीनं बुजवा. मग कार्बोरेटर दोन्ही हातांनी तोंडालगत, अगदी खाली धरून, इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. वर धरलं तर तो डुलतो आणि तोंड गोल होतं. दाब देऊ नका, कार्बोरेटरचं वजनच पुरतं. थोडं फिरवलं की उचलून बघा. आधी फक्त दोन कान चमकतील आणि मधलं काळंच राहील. हाच वाकल्याचा पुरावा. मग चमक हळूहळू आत सरकत जाते. पूर्ण तोंडावर एकसारखी करडी चमक आली की थांबा, त्यापुढं एक फेरीही नको. तोंडात ओ-रिंगची खाच असेल तर जास्त घासल्यानं खाच उथळ होते आणि रिंग नको तेवढी दबते, म्हणून तिथं आणखी जपून.

वाटीचं तोंडही असंच, पण तिथं वाटीच घासायची. वरच्या बॉडीला लटकणारा फ्लोट, पिन, चोकची नळी हे सगळं आडवं येतं, म्हणून बॉडी फक्त पुसून पट्टीनं तपासायची.

घासल्यावर रॉकेलनं धुवा, हवा मारा, परत धुवा. घासलेली पूड जेटमध्ये राहिली तर सगळ्या मेहनतीवर पाणी. हवा मारायच्या आधी फ्लोट काढून ठेवा.

फर्मा आणि कापणी

माझे वडील चादरीत नक्षी विणणाऱ्या जेकॉर्ड मागाच्या पट्ट्यांना पंच मारायचे. चादरीवर जो मोर किंवा वेल दिसतो, तो आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकांच्या रूपात येतो. भोक असेल तिथं एक दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही. त्यांच्याकडचे पंच आणि उरलेल्या पट्ट्या माझ्याकडे आल्या. पट्टीचा पुठ्ठा पॅकिंगला चालत नाही, तो पेट्रोल शोषून घेतो. पण फर्मा करायला त्याच्यासारखी वस्तू नाही. मी प्रत्येक कार्बोरेटरचा एक फर्मा पुठ्ठ्यावर कापून, गाडीचं नाव लिहून, खिळ्याला अडकवून ठेवतो. पुढच्या वेळी तीच गाडी आली की फर्मा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची, बस. तुमच्याकडे एकच गाडी असली तरी फर्मा करा. पॅकिंग फाटेल तेव्हा नमुना शोधत बसावं लागणार नाही.

जुनं पॅकिंग शाबूत असेल तर ते झेरॉक्सच्या काचेवर ठेवून १०० टक्क्यांवर एक प्रत काढा. सोबत एक पट्टीही ठेवा. प्रतीवर पट्टीचे १० सेंटिमीटर मोजून खरे १० आहेत का बघा, कारण काही मशीन नकळत आकार कमी करतात. पॅकिंगचे तुकडे झाले असतील तर शिक्क्याची शाई वापरा. बोटाच्या टोकानं वाटीच्या कडेला अगदी पातळ शाई लावा, कागद सरळ वरून ठेवा, तळव्यानं दाबा, सरळच वर उचला. कडा, स्क्रूची भोकं, आतले कप्पे सगळे उमटतात. शाई जास्त झाली तर कडा पसरून दिसतात, तेव्हा पुसून परत घ्या. एक ध्यानात ठेवा, हा ठसा उलटा असतो. वाटीची दोन्ही अंगं सारखी नसतील तर कागद उलटवून बसवायचा असतो.

हातोडीच्या गोल डोक्यानं कडेवर ठोकून कापायची जुनी पद्धत आहे. इंजिनच्या बिडाच्या तोंडावर ती चालते. कार्बोरेटरवर नको. ठोक्यानं कड दबते, आणि आपण आत्ताच ती सपाट केलीय.

कापायचा क्रम ठरलेला आहे. आधी स्क्रूची भोकं, मग आतला भाग, शेवटी बाहेरची कड. उलट केलं की हातात बारीक पट्टी उरते आणि भोक पाडताना फाटते. पंच नसेल तर चपला शिवणाऱ्यांकडून मारून घ्या, नाहीतर हार्डवेअरमध्ये सुटे पंच मिळतात. खाली बाभळीच्या ओंडक्याचा आडवा काप घ्या, म्हणजे लाकडाचे तंतू उभे येतात. पंच त्यात रुततो, धार जात नाही आणि भोकाला कुसं राहत नाहीत. पंच उभा धरून एकच ठाम ठोका. दोन-तीन हलके ठोके मारले की पंच सरकतो आणि भोक अंडाकृती होतं. स्क्रू ४ मिलिमीटरचा असेल तर भोक ५ चं. तंतोतंत मापाचं भोक स्क्रूच्या आट्यात अडकतं, कागद फिरतो आणि सुरकुती पडते.

आतली गोलाई कात्रीनं कापताना कागद फिरवा, कात्री जागेवरच ठेवा. कोपऱ्यात दोन काप एकमेकांत घुसवू नका. कोपऱ्याच्या टोकाला आधी लहान पंच मारून घ्या आणि त्या गोल भोकापर्यंत काप आणा. कोपऱ्यातून पॅकिंग फाटायचं त्यानं थांबतं.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ती. मिकुनीच्या वाटीत मुख्य पोकळीच्या बाजूला एक चिंचोळी विहीर असते, आणि वरच्या बॉडीतून एक पितळी नळी तिच्यात उतरते. ती चोकची, म्हणजे थंड इंजिनला जास्त पेट्रोल द्यायची, वाट. पॅकिंगमध्ये त्या नळीपुरतं भोक असतं, आणि नवखा माणूस तेच विसरतो, कारण ते स्क्रूच्या भोकासारखं दिसत नाही. कागदानं ती जागा झाकली तर नळी खाली उतरत नाही आणि पॅकिंग नीट बसत नाही, नाहीतर कागद दुमडून विहीर बंद होते. गाडी गरम असेपर्यंत काही कळत नाही. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, सकाळी थंडीत किक मारून पाय दुखले की मग कळतं. पट्टीतलं एक भोक चुकलं तर चादरीवरच्या मोराचा डोळा हरवतो, असं वडील म्हणायचे. पॅकिंगचंही तसंच, एका भोकावर सगळं अवलंबून असतं. कापून झालं की पॅकिंग बॉडीवर धरून प्रत्येक भोकाखाली काय आहे ते एकेक करून बघा, आणि वाटीवर धरूनही बघा.

इंजिनकडच्या पॅकिंगचं मधलं भोक नळीच्या व्यासापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठंच ठेवा. आत डोकावणारी कागदाची कड हवेच्या वाटेत येते, आणि तिचा तंतू सुटला तर तो इंजिनात जातो.

बसवणं, आणि पुढच्या वेळी तेच कसं वापरता येईल

पुन्हा वापरण्याची तयारी पहिल्या दिवशीच करायची असते. कागद धातूला चिकटला नाही तरच तो पुढच्या वेळी अख्खा निघतो. त्यासाठी चित्रकलेची मऊ शिसपेन्सिल घ्या, ६बी मिळाली तर उत्तम, आणि पॅकिंगच्या दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासून काळ्या करा. शिशाची पूड बोटानं चोळा, उरलेली झटका. हे ग्रॅफाइट आहे, पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि धातूला कागद धरू देत नाही. वाटीला ग्रीस लावत असाल तर सोडून द्या, पेट्रोल ते धुऊन नेतं. इंजिनकडच्या पॅकिंगला बोटाला लागेल एवढं ग्रीस चालतं.

बसवायच्या आधी पॅकिंगच्या एका कोपऱ्यावर दिसेल अशा रीतीनं "वर" असं लिहा. कागद एकदा दबला की तो त्या दोन तोंडांचा ठसा घेतो. पुढच्या वेळी त्याच अंगानं, त्याच दिशेनं बसला तर ठसा ठशात बसतो. उलटा बसला तर गळतो आणि आपण कागदाला दोष देतो.

स्क्रू सगळे बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग समोरासमोरचे पाव-पाव फेरी. आखूड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर तीन बोटांत धरून जेवढा जोर लागतो तेवढाच. इंजिनकडचे दोन नट आलटून पालटून थोडे थोडे. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की तोंड परत वाकायला लागतं.

उघडल्यावर पॅकिंग पुन्हा घ्यायचं की नाही, हे मी बोटांनी ठरवतो. कागद हळूच वाकवा. वाकला आणि परत सरळ झाला तर चांगला. कडकड वाजला, पापुद्रा उचलला, स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत चीर गेली, तर नवीन कापा. फर्मा आहेच. पेट्रोलमधून काढलेलं पॅकिंग थोडं फुगलेलं दिसतं, लगेच भोकं जुळत नाहीत म्हणून ओढाताण करू नका. काचेवर सपाट पसरून सावलीत ठेवा, रात्रीतून परत मापाला येतं. रबराच्या रिंगचंही तेच. खाचेत मावत नाही म्हणून लोक रिंग कापतात किंवा फेकतात. ती एक दिवस नुसती वाऱ्याला ठेवली की आखडून बहुतेक खाचेत बसते. उन्हात ठेवू नका, आपलं ऊन रबराला कडक करतं. वाळूनही तिच्या अंगावर भेगा दिसत असतील किंवा ती चपटीच राहिली असेल तर नवीन आणा.

याच्या उलटही होतं. कापून ठेवलेलं कागदी पॅकिंग आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं आणि ऐन वेळी भोकं जुळत नाहीत. ओल्या फडक्यात थोडा वेळ गुंडाळून ठेवा, कागद ओल घेऊन मापावर येतो. फडक्यातून काढून पुसून, पाणी सुकलं की बसवा. ही वेळ येऊ नये म्हणून सुटी पॅकिंग प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद, जाड वहीत सपाट दाबून ठेवावीत.

गळती बघणं

गाडी चालू करायच्या आधी पेट्रोलचा कॉक उघडून थांबा. वाटीच्या सांध्यावर खडूची पूड फुंकरा आणि खाली पांढरा कागद ठेवा. पाच-दहा मिनिटांत कुठं ओल आली तर पूड त्याच जागी काळपट पडते, शोधावं लागत नाही. ओल आली म्हणून आवळत सुटू नका. त्या जागचे स्क्रू पाव फेरी, एवढंच. तरी थांबली नाही तर उघडून तोंड बघा.

पेट्रोल सांध्यातून न येता खालच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकत असेल तर पॅकिंगचा संबंध नाही. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या निडलच्या बुडाशी कचरा बसलाय, निडलचं टोक झिजलंय, नाहीतर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झालाय. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली तर नवीन घ्या.

इंजिनकडचं पॅकिंग तपासायला गाडी चालू करून स्लोला ठेवा आणि साबणाचं पाणी ब्रशनं सांध्यावर फिरवा. हवा ओढत असेल तर पाणी आत खेचलं जातं आणि इंजिनचा आवाज त्याच क्षणी बदलतो. यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारणारे मी पाहिलेत. तापलेल्या सायलेन्सरजवळ आणि प्लगच्या ठिणगीजवळ ते उडवणं म्हणजे आग ओढवून घेणं. साबणाचं पाणी तेवढंच काम करतं.

आवाज बदलला नाही तर एक फेरी मारून या, सात रस्त्यापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि मग इंजिनकडचे दोन नट एकदा पान्यानं तपासा. नवा कागद पहिल्या गरमीत थोडा बसतो, त्यामुळे नट किंचित सैल लागतात. ते परत हलक्या हातानं टेकवले की मग स्लोचा स्क्रू आणि एअर स्क्रू सेट करायला घ्या. त्याआधी केलेलं सेटिंग टिकत नाही.